आठ दिवसांचा नकार

जितेंद्र गजभियेच्या पोटात काही राहत नसे. वडिलांनी आईसाठी साडी घेतली की ती घरात यायच्या आधी हा आईला रंग सांगून मोकळा व्हायचा. मिनल, त्याची धाकटी बहीण, दहावीच्या शेवटच्या पेपरला निघायची होती, त्या पहाटे आत्या गेल्याचा फोन आला. घरातल्या सगळ्यांनी ठरवलं, पोरीला पेपर झाल्यावर सांगू. जितेंद्रने तिला परीक्षेच्या फाटकाशी सांगून टाकलं. नंतर वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाला, मला ते आत ठेवून खोटं खोटं वाटत होतं. तिचा पेपर कसा गेला असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. माणूस वाईट नव्हता, उलट बहिणीवर जीव टाकणारा होता, पण हातात आलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात कधी द्यावी याचा त्याला अंदाज नव्हता.

पुढे तो इंजिनियर झाला, दोन वर्षं पुण्यात प्रोग्रामिंग केलं आणि वडील गेल्यावर नागपूरला परतला. इंदोऱ्यातल्या घरी बसून दुकानदारांची, क्लासवाल्यांची ॲप करायचा आणि रविवारी सदरच्या एका क्लासमध्ये पोरापोरींना जावास्क्रिप्ट शिकवायचा. घरात आई प्रेमिलाबाई आणि मिनल. मिनल चौकातल्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. तिचा हात इतका हलका की लहान पोरं सुई काढून झाल्यावर रडायला लागत, आधी नाही. तिशी ओलांडली तरी लग्न जमलं नव्हतं. तिने हा विषय मनाला लावून घेतला होता, फक्त तसं दाखवत नसे.

वस्तीतल्या विहाराच्या मागे एक खोली होती. तिथे नानाजी वासनिक वधू-वर मंडळ चालवत. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, गुडघे गेलेले, पण अर्ध्या उत्तर नागपुरातली लग्नं त्यांच्या तोंडून जुळलेली. त्यांचे नियम थोडे आणि पक्के होते. बघणं झालं की पहिला होकार मुलाकडून यायचा. होकार असेल तर नानाजी तो त्याच दिवशी पोचवत. नकार मात्र कोणाचाही असो, आठ दिवस स्वतःजवळ ठेवत.

"नकार रागात येते," ते म्हणत. "माह्याजवळ ठेवून जा. आठव्या दिवशी नेऊन देतो. तोवर मन फिरलं तर एक फोन करा, मी काही ऐकलंच नाही."

आणि एकदा नकार पोचला की दोन्ही घरांनी तोंड बंद ठेवायचं. कारण विचारायचं नाही, फोन करायचा नाही, चौकात भेट झाली तर जयभीम करून पुढे जायचं. यामुळे मंडळात भांडणं होत नसत. वस्तीत आज सुखाने नांदणारी कितीतरी जोडपी अशी आहेत, की त्यांतल्या एकाने दुसऱ्याला कधीकाळी नकार दिला होता आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताच नाही. नानाजी अशा लग्नांच्या वाढदिवसाला जेवायला जात आणि गालातल्या गालात हसत.

गुडघ्यांनी फिरणं बंद केलं तेव्हा जितेंद्रने त्यांना ॲप करून दिलं. दोन्ही घरांनी मोबाईलवर होकार किंवा नकार दाबायचा, ते मंडळाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर पोचायचं आणि तिथून पुढचा निरोप आपोआप जायचा. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर रात्रंदिवस चालू. नानाजींनी एकच अट घातली होती, नकार आठ दिवस थांबला पाहिजे.

"एवढंच ना," जितेंद्र म्हणाला आणि त्याच दुपारी करून टाकलं. तपासलंही. पण आठ दिवस कोण बसतो? तपासण्यापुरते त्याने आठ दिवसांचे काही सेकंद केले, नानाजींच्या समोर नकार दाबला, त्याचा मोबाईल किणकिणला. दोघांनी चहा घेतला. सेकंदांच्या जागी त्याने पुन्हा आठ दिवस लिहिले आणि काम झालं. निरोप काही सेकंद थांबून आला की अजिबात न थांबता आला, हे चहाच्या आधी कोणी मोजलं नाही.

त्या उन्हाळ्यात कामठीचा पियुष मिनलला बघायला आला. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मशीनच्या देखभालीवर होता. कमी बोलणारा, डोळे वर करून बघायला लाजणारा. मिनलला तो आवडला, असं तिने कोणाला सांगितलं नाही, पण चहाच्या कपबशा बदलून तिने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांगल्या काढल्या, यावरून प्रेमिलाबाईंनी ओळखलं. सगळं नीट चाललं होतं. मग पियुषचे मामा शरच्चंद्र सोफ्यावर मागे रेलले आणि हसत म्हणाले, "पोरगी दिवसभर लोकायच्या रक्तात हात घालते. मंग घरी तिच्या हातची भाकर कोन खाईन?"

मामांची बायको हसली, शेजारून आलेले दोघे हसले. पियुष फरशीकडे बघत राहिला. मिनल ट्रे घेऊन आत गेली ती मागच्या खोलीचं दार लोटून बसली, बाहेर आलीच नाही. पाहुण्यांचा ऑटो गल्लीच्या वळणावर दिसेनासा होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, तिने मोबाईल उघडून नकार दाबला. जितेंद्रने बघितलं. आठ दिवस आहेत, तो मनात म्हणाला. ती थंड होईल.

ती थंड झाली, पण आपोआप नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना प्रेमिलाबाईंनी तोंड उघडलं.

"तुले सांगावं की नाही समजत नव्हतं वं. तो पोरगा जाताना स्वतःचा कप घेऊन आत आला होता, मोरीपाशी. मले म्हणे, मावशी, मामाचं बोलनं मनावर नका घेऊ. मी आजच त्यायले बोलतो. मिनलनं कोनतं काम करावं ते मिनल ठरवेल."

"असं म्हणाला तो?"

"कप धुवून ठेवला अन गेला."

मिनलने हातातली मेथी खाली ठेवली. मग मोबाईल घेतला आणि नकार मागे घेतला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: तुमचा नकार मागे घेण्यात आला आहे. तिने ते जितेंद्रला दाखवलं आणि कपाटातून इस्त्रीची साडी काढून उगाच पुन्हा घडी घातली. कितीतरी वर्षांत जितेंद्रने तिला कामावर जाताना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्या आठवड्यात ऐकलं.

आता पहिला होकार पियुषकडून यायचा होता. आला नाही. एक आठवडा गेला, मग पावसाळा लागला. नियम असल्यामुळे मिनलच्या घरून कोणी विचारलं नाही. मिनल रोज लॅबमधून आली की मोबाईल चार्जिंगला लावायच्या निमित्ताने एकदा ॲप उघडून बघायची. हळूहळू ते निमित्तही राहिलं नाही. श्रावण संपता संपता नानाजींनी जितेंद्रजवळ निरोप दिला की पियुषचं नात्यातल्या मुलीशी ठरलं, कामठीतच. दिवाळीनंतर लग्न झालंसुद्धा.

मिनल त्या दिवशी नीट जेवली. जेवून झाल्यावर ताट उचलताना म्हणाली, "मोरीपाशी येऊन बोलणं सोपं असते, आई. मामासमोर बोलायला जीभ लागते. बरं झालं, आधीच समजलं." दुसऱ्या दिवशी तिने मंडळातून स्वतःचं नाव काढून घेतलं. लॅबमध्ये सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही पाळ्या मागून घेतल्या. कोणी स्थळाचं काढलं की एवढंच म्हणायची, मले बुजगावणं नको नवरा म्हणून. पियुषला बुजगावणं म्हणता म्हणता ती चालू लागली होती, हसत नव्हती पण चालत होती. जितेंद्रलाही पियुषचा राग येत असे. वस्तीत तो त्याच्याबद्दल वाईटसाईट बोलायचा.

त्या वर्षी नानाजीही खचले. जितेंद्र खोलीवर गेला की ते कॉम्प्युटरकडे बोट दाखवत. "लोकं नकार मागं घेतात, दिसते मले इथं. पण पुढं काहीच होत नाही गा. आधी मागं घेतला म्हणजे घर जमायचं. आता नुसतं बटन दाबून राहिले, मन कुठं फिरते त्यायचं." एकदा म्हणाले, पुढच्या बुद्धपौर्णिमेला मंडळ बंद करून टाकू. माणसं माघारी फिरत असतील तरच त्यांच्यामध्ये बसण्यात अर्थ, नाहीतर कशाला बसायचं? जितेंद्रने त्यांची समजूत घातली, पण त्यालाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग जानेवारीतला तो रविवार आला. सदरच्या क्लासमध्ये काजल नावाच्या मुलीचं पान चालत नव्हतं. तिने प्रश्नमंजुषा केली होती, वेळ संपली की घंटा वाजायला हवी होती. पान उघडल्या उघडल्या घंटा वाजत होती आणि वेळ संपल्यावर काहीच होत नव्हतं. पोरं हसत होती. जितेंद्रला ही चूक नवीन नव्हती, दर तुकडीत कोणीतरी करायचंच. तो फळ्यापाशी गेला.

"समज, तू बाहेर चालली. शेजारच्या काकूला सांगून जाते, पाच वाजता माझी पाण्याची मोटर लावा. तू तिला बटण दाखवून जातेस का दाबून जातेस?"

"दाखवून, सर."

"इथं तू दाबून गेलीस. फंक्शन म्हणजे एक काम. त्याचं नुसतं नाव दिलं तर घड्याळ ते नाव जवळ ठेवते आणि वेळ झाली की काम करते. नावापुढे कंस टाकले की काम तिथेच, त्याच क्षणी होऊन जाते. घड्याळाच्या हातात काहीच उरत नाही. आणि ब्राउझर तक्रारही करत नाही. वेळ झाली की रिकामा हात हलवून गप्प बसते."

काजलने मान हलवली, पण पेन खाली ठेवला नाही. "पण सर, नुसतं नाव दिलं तर कोणती घंटा ते कसं सांगायचं? माझ्याकडं तीन घंटा आहेत. म्हणून कंसात लिहिली."

"मग ते सगळं दुसऱ्या एका छोट्या फंक्शनमध्ये गुंडाळून द्यायचं," जितेंद्र म्हणाला, "म्हणजे वेळ आल्यावरच ते..."

पुढचं वाक्य त्याला आलं नाही. नुसतं नाव दिलं तर कोणाचा नकार ते कसं सांगायचं, हा प्रश्न त्यालाही पडला होता, नानाजींच्या खोलीत, त्या दुपारी. आधी त्याने नुसतं नाव दिलं होतं, बरोबर दिलं होतं. मग कोणत्या घराचा नकार कोणाकडे जायचा ते सांगावं लागलं, आणि घाईघाईत त्याने दोन्ही घरांची नावं नावापुढच्या कंसात लिहून टाकली होती. खडू हातात तसाच ठेवून तो वर्गातून बाहेर पडला आणि गाडी काढली.

खोलीत नानाजी उन्हाकडे पाय करून बसले होते. जितेंद्रने कॉम्प्युटर ओढून घेतला. शोधावं लागलं नाही. ती ओळ तिथेच होती, कंसासकट. म्हणजे हे ॲप आल्यापासून एकही नकार एक क्षणही थांबला नव्हता. ज्यांनी मागे घेतले त्यांना हिरवी अक्षरं दिसली, मागे घेण्यासारखं मात्र तिथे काहीच राहिलं नव्हतं. ज्यांना नकार मिळाले ते नियमाप्रमाणे गप्प बसले आणि दुसरीकडे वळले. त्याने नानाजींना सगळं सांगितलं. नानाजींनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे लोकं फिरत होते," ते म्हणाले.

"हो."

"अन मी त्यायले वर्षभर नावं ठेवून राहिलो." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

जितेंद्रने तोपर्यंत पियुषचा नंबर लावला होता. नानाजींनी हात वर करून थांबवलं, पण तो थांबला नाही. पियुषने जयभीम केला. आवाजामागे भांड्यांचा आणि एका बाईच्या हसण्याचा आवाज होता. जितेंद्रने एकच विचारलं, आमचा नकार तुम्हाला कधी मिळाला होता?

"त्याच दिवशी," पियुष म्हणाला. "आम्ही ऑटोतच होतो, ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढं. मी मामाले बोलूनच राहिलो होतो. म्हटलं, माफी मागायले परत चला. मामा तयार झाले होते जी. मी ऑटोवाल्याले वळव म्हणालो अन मोबाईल वाजला. वाटलं, ॲप आलं तसा आठ दिवसाचा नियम गेला असन." मग म्हणाला, "जाऊ द्या आता. मिनलताई बऱ्या आहेत ना?"

जितेंद्रने फोन ठेवला. कंस काढले, कामाला छोट्या फंक्शनमध्ये गुंडाळलं, या वेळी सेकंद मोजून तपासलं. मग तो उठला.

"घरी चालला का?" नानाजींनी विचारलं.

"मिनलला सांगतो."

"बस." नानाजींनी त्याचा हात धरला. "आज नको सांगू. आठ दिवस थांब."

"तिला खरं समजायला नको का, नानाजी? ती त्याला भित्रा समजून राहिली. त्याची काही चूक नव्हती."

"त्याचं लग्न झालं, गा. तिनं खरं घेऊन आता कुठं ठेवायचं? आठ दिवस स्वतःले विचार, हे तिच्यासाठी सांगून राहिला का तुह्यासाठी. मंग वाटलं तर सांग. मी अडवनार नाही."

जितेंद्र हो म्हणाला. गाडी तिथेच ठेवून तो चालत निघाला. घरापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता, आणि तेवढ्यात तो 'हो' विरघळून गेला. ते छातीत धरून ठेवणं त्याला जमेना. ती माझी बहीण आहे, तिच्यापासून कसं लपवू, हे त्याला फार बरोबर वाटलं. मिनल दारातल्या पायरीवर बसून संध्याकाळच्या पाळीला जायच्या आधी केस विंचरत होती. त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. उभ्याउभ्या सगळं सांगितलं: कंस, घड्याळ, हिरवी अक्षरं, ऑटो, वळव म्हटलेला ऑटोवाला. सांगता सांगता तो रडला. रडून त्याला हलकं वाटलं, हेही खरं आहे.

मिनलचा कंगवा केसांत तसाच अडकला होता.

"परत येऊन राहिला होता?" तिने विचारलं.

"हो."

"मामाला घेऊन?"

"हो. मला माफ कर, मिनल. ती एक ओळ..."

"ओळीचं राहू दे." ती त्याच्याकडे बघत नव्हती, गल्लीच्या वळणाकडे बघत होती. "दादा, तो बेकार होता असं समजून मी कशीतरी उभी झाली होती. रोज सकाळी तेच समजायची, मग चप्पल घालायची. आता उद्या काय समजून उठू, सांग."

जितेंद्र खाली वाकून बुटांची नाडी सोडू लागला.

"आत्या गेली तेव्हाही तू फाटकापाशीच सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने कंगवा सोडवला, केस तसेच बांधले, डबा पिशवीत ठेवला आणि निघाली. वळणापाशी एक ऑटो आत येत होता. ती बाजूला झाली, तो निघून जाईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली, मग चौकाकडे गेली.

प्रेमिलाबाई आतून हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं गा? मिनल न बोलता काहून गेली?"

जितेंद्रने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"काही नाही, आई," तो म्हणाला.